पंखा म्हणायचं होतं

दारव्ह्याच्या बाजारातून गाडी बाहेर काढायला वीस मिनिटं लागली, आणि त्यातल्या पाचव्या-सहाव्या मिनिटालाच गोविंदा नगराळेला कळलं की पंखा फिरत नाहीये.

बाजाराचा दिवस होता, मे महिना. सकाळचे साडेनऊच झाले होते, पण डांबराचा वास सुटला होता. पुढे एक ट्रॅक्टर कांद्याची पोती उतरवत आडवा उभा, मागे ऑटो, दोन्ही बाजूंना हातगाड्या. गोविंदाची मुलगी दीपा स्टिअरिंगवर हात ठेवून वाट मोकळी व्हायची वाट पाहत होती. मागच्या सीटवर त्याची बायको सत्यशीला, मांडीवर डब्याची पिशवी आणि दवाखान्याची फाईल. एसी चालू होता, पण त्याचा वारा कोमट झाला होता. गाडी जागेवर उभी आणि एसी चालू, म्हटल्यावर समोरच्या जाळीमागचा पंखा घरघरायलाच पाहिजे. गोविंदानं कान दिला. इंजिनचा आवाज होता, बाहेरच्या भोंग्यांचा होता. पंख्याचा नव्हता.

त्यानं तोंड उघडलं. शब्द समोर दिसत होता, पात्यांसकट. बाहेर पडलं ते, "पलंग."

"लेटाचं हाये का?" सत्यशीलानं मागून विचारलं. "थोडं थांबा न. तिथी दवाखान्यात पलंग अशीन, तिथी लेटजा."

त्यानं मान हलवली. "पलंग," पुन्हा तेच निघालं, आणि या वेळी रागानं.

"बाबा, तासाभराचंच हाये," दीपा म्हणाली. "अकरा वाजताची वेळ देल्ली मॅडमनं. झोप येऊन राह्यली तं सीट मांगं करून देऊ का?"

गोविंदानं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, झोप आली.

हा माणूस कधीकाळी इतकं बोलायचा की ऐकणारे दमायचे. एसटीच्या डेपोत त्यानं एकतीस वर्षं मिस्त्री म्हणून काढली. ड्रायव्हर लोक गाडी आणून लावायचे आणि म्हणायचे, मिस्त्री, पाहा न जरासं. तो बॉनेटखाली वाकला की त्याचं तोंड सुरू. प्रत्येक भागाला त्यानं नाव ठेवलेलं. खराब बेअरिंगला तो सासुरवाडीले आलेला जावई म्हणायचा: कुरकुर करते, काम करत नाही. नव्या लोकांना शिकवतानाही तसंच, शिव्या आणि गोष्टी एकत्र. वस्तीत चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माइक त्याच्याच हातात असायचा. ट्रॅक्टरवर उभा राहून तो सकाळी दहाला जो सुरू व्हायचा तो विहारापाशी मिरवणूक पोचेपर्यंत आवाज बसू द्यायचा नाही. २०१७ साली रिटायर झाला तेव्हा ही लहान गाडी त्यानं जुनीच घेतली आणि स्वतः उघडून, घासून, पुसून नव्यासारखी केली. दीपाला तिच्यावरच गाडी शिकवली. शिकवताना इतकं बोलला की ती एकदा भर रस्त्यात उतरून पायी घरी गेली होती.

मागच्या वर्षी मार्चमध्ये दाढी करता करता त्याच्या हातातून ब्रश पडला. लकवा. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला. पाय काठीनं का होईना चालू लागला, पण बोलणं परत आलं नाही. म्हणजे आवाज आला, शब्दही आले, पण भलतेच. पाणी म्हणायला जावं तर पाटी निघे. दीपाला हाक मारायला जावं तर दिवाळी. हो आणि नाही यांचं तर छापा-काट्यासारखं झालं होतं, कोणतं पडेल सांगता येत नसे. समोरच्याचं सगळं कळायचं, शब्दनशब्द. डाव्या हातानं लिहून सांगावं म्हणून दीपानं पाटी आणली, मोबाइलवर अक्षरं उघडून दिली. पण तोंडात जे होत होतं तेच बोटांत होत होतं. क कुठे असतो, ख कुठे असतो, काही सापडायचं नाही. बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम नागपूरहून महिन्यातून दोनदा यवतमाळला येत. आज त्यांच्याकडेच निघाले होते. दीपा दारव्ह्यातल्याच एका खासगी शाळेत शिकवायची, सुट्ट्या लागल्यापासून एकही वेळ चुकली नव्हती.

बाजार सुटला, रस्ता मोकळा झाला, आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवर थर्मामीटरसारखं लाल चित्र लुकलुकू लागलं.

दीपानं लगेच गाडी कडेला घेतली. गोविंदाला बरं वाटलं. हे त्यानंच शिकवलं होतं, लाल दिसलं की थांबायचं, विचार नंतर. तिनं बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं, आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "कूलंटची टाकी तं भरूनच हाये बाबा. मी सकाळीच पाह्यली होती."

ती दर आठवड्याला पाहायची. बाप पाहायचा तसं टायर, ऑइल, टाकी, एकेक करून. गोविंदाला हे माहीत होतं. म्हणूनच त्याला ओरडून सांगायचं होतं की मग पाण्याचा प्रश्न नाही बाई, पाणी आहे, ते थंड करणारं बंद आहे.

दीपानं बबलूला फोन लावला. बबलूचं गॅरेज त्यांच्या घराजवळच होतं. काही अडलं की तो पूर्वी गोविंदाकडे विचारायला यायचा. दीपानं फोन स्पीकरवर ठेवला.

"ताई, पाणी कमी झालं अशीन," बबलू म्हणाला. मागे हातोडीचा आवाज येत होता. "रेडिएटरमंदी हवा धरते कधी कधी. थंडी होऊ द्या, पाणी टाका, अन् निघा. दिवा गेला तं समजा काई नाई."

दहा मिनिटं थांबून दीपानं गाडी सुरू केली. मोकळ्या रस्त्यावर ती साठच्या वेगानं धावू लागली आणि चार किलोमीटरात दिवा विझला.

"गेला," दीपा म्हणाली, आणि तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला गोविंदाला दिसला.

तो गेला कारण समोरून वारा लागत होता. वेगात असताना पंख्याची गरज पडत नाही. कुठे थांबावं लागलं, चढ लागला, हळू जावं लागलं, की तो परत येणार. हे एवढं वाक्य गोविंदा डेपोत कितीदा बोलला असेल. आता ते पूर्ण त्याच्या डोक्यात होतं आणि तिथून तोंडापर्यंतची वाट सापडत नव्हती. त्यानं डावा हात वर करून दिव्याकडे बोट दाखवलं.

"हो बाबा, गेला तो," दीपा हसून म्हणाली.

लाडखेडच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. एका बाजूनंच वाहनं सोडत होते. हिरवं जॅकेट घातलेला माणूस लाल झेंडी घेऊन उभा होता, आणि त्याच्यापुढे ट्रक, पिकअप, एसटी अशी लांब रांग. दीपा रांगेत थांबली. सावलीला एक झाड नव्हतं. एसीचा वारा आधी कोमट झाला, मग गरम. तीन-चार मिनिटांत लाल चित्र पुन्हा लुकलुकायला लागलं.

आता बाजूला घ्यायलाही जागा नव्हती. एका हाताला खोदलेला खड्डा, दुसऱ्या हाताला गिट्टीचा ढीग. पुढची वाहनं सुटली की दोन-दोन गाड्यांनी सरकायची, पुन्हा थांबायची. इंजिन बंद केलं तर मागचे भोंगे वाजवत.

गोविंदाला एक गोष्ट करता येण्यासारखी होती, आणि ती बोलावी लागत नव्हती. हीटर. हीटर लावला की इंजिनची गरमी गाडीत येते, तेवढीच इंजिनची कमी होते. त्यानं डावा हात शरीरावरून आडवा नेला, बटणापर्यंत पोचवला, एसी बंद केला आणि गोल बटण लाल बाजूला शेवटपर्यंत फिरवलं. वाऱ्याचं बटण पूर्ण वर नेलं.

भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ आली.

"अवो," सत्यशीला मागून म्हणाली, "हे काय करून राह्यले तुमी?"

"बाबा, तो हीटर हाये." दीपानं बटण निळ्या बाजूला फिरवलं.

त्यानं पुन्हा लाल बाजूला फिरवलं.

"बाबा, नका न. आई आधीच घाबरून राह्यली."

त्याची नजर दिव्यावर होती. लुकलुकणं थांबून दिवा विझला होता. खरंच विझला होता. त्यानं हनुवटीनं दाखवलं, घशातून आवाज काढला. दीपा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, कारण त्याच्या चेहऱ्यावर घामाच्या धारा लागल्या होत्या आणि डोळे लाल झाले होते, आणि तिला वाटलं याला परत काहीतरी होतंय. तिनं हीटर बंद केला. त्याचा हात धरून त्याच्याच मांडीवर ठेवला, शाळेतल्या लहान पोराचा ठेवावा तसा. तो हात पुन्हा उचलू लागला तेव्हा सत्यशीलानं मागून पुढे वाकून त्याचं मनगट धरलं.

"बसा न शांत," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "लेकरू गाडी चालवून राह्यलं. तिले कायले त्रास देता?"

एकतीस वर्षं नट-बोल्टांवर पाने फिरवलेला हात होता तो. बायकोनं दोन बोटांत धरून ठेवला. तिच्या बोटांत जोर नव्हता. तो सोडवू शकला असता. पण सोडवला तर दोघी आणखी घाबरतील, दीपाचं लक्ष रस्त्यावरून उडेल, बाजूला खड्डा. त्यानं हात सैल सोडला. दिवा परत पेटला. या वेळी तो लुकलुकत नव्हता.

काम संपलं तिथं दीपानं गाडी कडेला घेतली तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मागून आलेल्या एका पिकअपचा ड्रायव्हर थांबला. शाम नाव सांगितलं त्यानं. माणूस भला होता, आपली पाण्याची कॅन घेऊनच उतरला. बॉनेट उघडून त्यानं खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"पाणी संपलं अशीन ताई. झाकण खोलतो, पाणी वततो, पाच मिनिटात निघसान."

गोविंदानं ते काचेतून पाहिलं. दार उघडलं, पट्टा सोडवला, काठी न घेताच बाहेर पाय टाकला आणि दाराला धरून उभा राहिला. "नळ," तो ओरडला. "नळ, नळ." नको म्हणायचं होतं. शाम थबकला, मग म्हणाला, "हो काका, नळाचंच पाणी हाये, चांगलं हाये."

गोविंदा दोन पावलं पुढे गेला. त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, वीतभर जुना डाग होता. कातडी गुळगुळीत आणि पांढुरकी. १९९१ साली उन्हाळ्यातच तापलेल्या बसच्या रेडिएटरचं झाकण त्यानं घाईत उघडलं होतं. त्यानं डाव्या हातानं तो मेलेला उजवा हात उचलला आणि दीपाच्या समोर धरला.

दीपानं डाग पाहिला. ती गोष्ट तिनं लहानपणापासून ऐकली होती. "भाऊ, थांबा," ती शामला म्हणाली. "झाकण नका खोलू. बाबाचा हात असाच भाजला होता."

शामनं हात मागे घेतला. आनंदात गोविंदा काठीविनाच आणखी एक पाऊल पुढे गेला. सत्यशीलानं उतरून त्याला धरलं.

अर्धा तास गेला. झाकण गार झाल्यावर शामनं उघडलं. पाणी थोडंसंच कमी होतं, वाफेत गेलं होतं तेवढं. ते भरलं. गाडी सुरू केली. गोविंदा आता जाळीसमोर उभा होता. इंजिन तापू लागलं तसा तो पंख्याकडे पाहत राहिला. काळी पाती हलली नाहीत. आता तर दिसतच होतं, दाखवता येण्यासारखं होतं. त्यानं दीपाचा दंड धरला, जाळीकडे बोट केलं आणि मग ते बोट हवेत गोल फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

दीपानं त्या बोटाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. साडेअकरा होऊन गेले होते. "वापस फिरवू म्हणता बाबा?" ती हळूच म्हणाली. "घरी जाऊ?"

तो बोट फिरवतच राहिला.

"बरोबर म्हणून राह्यले ते," सत्यशीला म्हणाली. "मॅडम तं आता बाराला निघून जाईन. उन्हात कायले जीव काढाचा? चाल, फिरव."

शामलाही ते पटलं. त्यानं उभं राहून मागची वाहनं थांबवली आणि गाडी वळवून दिली. गोविंदाला सीटवर बसवून पट्टा लावला, "काळजी करू नका काका, गाडी ठीक हाये आता," असं म्हणून तो यवतमाळच्या दिशेनं निघून गेला.

परत तोच खोदलेला रस्ता, तीच झेंडी, तीच रांग. लाल दिवा परत पेटला, पण कडेला घ्यायला जागा नव्हती. या वेळी सत्यशीला निघाल्यापासूनच त्याचं मनगट धरून बसली होती. त्यानं हात हलवला नाही. त्याला इंजिन ऐकू येत होतं. आधी ते जड झालं. मग चढाला बारीक टकटक सुरू झाली. हा आवाज ऐकायला मिस्त्री असावं लागत नाही, पण तो कशाचा आहे आणि त्यानंतर काय येतं हे गाडीत त्या एकट्यालाच माहीत होतं. त्यानं आवाज बंद व्हायची वाट पाहिली. लाडखेडच्या अलीकडे, एका पळसाजवळ, गाडीनं दोन झटके दिले, मागून पांढरा धूर सोडला आणि ती थांबली.

बबलू तासाभरानं मोटरसायकलवर आला. दुपारचे दोन वाजायला आले होते. सत्यशीलानं पळसाखाली चादर टाकून गोविंदाला बसवलं होतं, डब्यातली पोळी पुढे केली होती, त्यानं खाल्ली नव्हती. बबलूनं एक वायर काढली, थेट बॅटरीला जोडली. पंखा भर्रकन फिरला.

"पंखा चांगला हाये," तो म्हणाला. "पंख्याले करंट देते तो रिले गेला. हा पाहा, एवढुसा असते." त्यानं काड्यापेटीपेक्षा लहान काळा ठोकळा दीपाच्या हातावर ठेवला. मग ऑइलची पट्टी काढून पाहिली. तिच्यावर चहासारखा फेस होता. बबलूनं पट्टी परत आत सारली. "इंजिनचं हेड गेलं ताई. पाणी ऑइलमंदी गेलं. हे काम कराचं म्हटलं तं गाडीच्या किमतीपेक्षा जास्त लागते."

"मी पाणी पाह्यलं होतं," दीपा म्हणाली. "तुमी सांगतलं तसं थांबली. अजून काय करायले पाह्यजे होतं?"

"मलेच फोनवर समजलं नाई. पंखा फिरते का, हे विचारायले पाह्यजे होतं मी." बबलूनं हात पुसले. "अन् अशा टायमाले हीटर लावाचा. गरमी आतमंदी घेते तो. तकलीफ होते, पण गाडी घरी येते."

दीपा उभी होती तिथंच उभी राहिली. मग ती पळसाकडे आली, बापासमोर मातीत बसली. तळहातावर रिले तसाच होता.

"बाबा, तुमी हेच सांगून राह्यलते?"

सत्यशीला इकडे तोंड फिरवून पाहू लागली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती.

गोविंदानं मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सकाळपासून ती एकदाही चिडली नव्हती. दिवा दिसताच थांबली होती, टाकी भरून ठेवली होती, झाकण उघडू दिलं नव्हतं. तिच्या जागी डेपोतला कुणी असता तर त्यानं पाठ थोपटली असती. आता जे खरं आहे ते तिला सांगून काय मिळणार होतं? गाडी गेलीच होती. तिला उगाच जन्मभर वाटत राहील की आपण बापाचा हात धरून मांडीवर ठेवला. त्यानं ठरवलं, नाही म्हणायचं. उगाचच हात हलवत होतो म्हणायचं. त्यानं नीट श्वास घेतला, ओठ जुळवले, जीभ टाळूला लावली, मॅडमनं शिकवलं होतं तसं.

"हो," तो म्हणाला.

इतका स्वच्छ शब्द त्याच्या तोंडून चौदा महिन्यांत निघाला नव्हता. दीपानं मान खाली घातली. त्यानं घाईघाईनं मान हलवली, हात हलवला, पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा हो-च निघालं, आणखी एकदा हो. दीपा रडू लागली. सत्यशीला त्याचं तेच मनगट हातात घेऊन कुरवाळत बसली. तो थांबला. आपण जितकं बोलू तितकं तिला लागेल, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं डावा हात मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि तिथंच राहू दिला. बबलू गाडीच्या पलीकडे जाऊन फोनवर ओढून न्यायला जीप बोलावत होता.

गाडी आठवडाभर बबलूच्या गॅरेजसमोर उभी राहिली आणि मग यवतमाळचा भंगारवाला घेऊन गेला. ती ट्रकवर चढवत होते तेव्हा दीपानं वडिलांना घरातच बसवून ठेवलं. त्या दुपारी गोविंदा भिंतीकडे तोंड करून झोपला आणि जेवणाला उठला नाही. दीपानं त्यानंतर एक सवय लावून घेतली. तो काही बोलला की ती लगेच उत्तर द्यायची नाही. समोर बसायची आणि एकेक विचारायची, हे का, ते का. बरेचदा तरीही सापडायचं नाही, आणि दोघं दमून गप्प व्हायचे.

मॅडमची पुढची वेळ होती त्या गुरुवारी ते एसटीनं यवतमाळला निघाले. स्टँडवर जीवन नावाच्या ड्रायव्हरनं त्याला ओळखलं. "मिस्त्री," म्हणून तो खाली उतरला, वाकून पाया पडला, त्याला उचलूनच वर घेतलं आणि दारामागच्या पहिल्या सीटवर बसवलं. मग एक-दोन जुन्या गोष्टी काढल्या, कुणी रिटायर झालं, कुणी गेलं. उत्तराची वाट न पाहता आपणच हसला आणि आपल्या जागी जाऊन बसला. दीपा शेजारी, सत्यशीला मागे.

बस सुरू झाली. गोविंदानं सवयीनं कान दिला. बाजार संपेपर्यंत तो ऐकत होता, लाडखेडपर्यंत ऐकत होता, खोदलेल्या रस्त्यावर बस पंधरा मिनिटं उन्हात उभी राहिली तेव्हाही ऐकत होता. गिअर नीट पडत होते. इंजिन जागेवर शांत होतं. त्यात कुणाला सांगावं असं काही नव्हतं. दीपा दर थोड्या वेळानं त्याच्या तोंडाकडे पाहत होती, हा काही म्हणतोय का म्हणून. तो खिडकीबाहेर नांगरलेली वावरं पाहत बसला होता.